घडीचाचाचा एकचा भोंगा

दिग्रसच्या आमच्या गल्लीत कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजायच्या आधी घडीचाचा वाजायचा. आठला, एकला आणि पाचला. ओट्यावर उभा राहून, दोन्ही तळवे गालांना लावून तो सांगायचा, "आता वाजते." आणि वाजायचाच. भोंगा थांबला की "झालं" म्हणायचा, मगच चहाला किंवा ताटाला हात लावायचा. त्याच्या भरवशावर माझ्या आईने वर्षानुवर्षं कुकर लावला. हातात घड्याळ बांधणारे माझे वडील मात्र हमखास उशिरा यायचे.

त्याचं खरं नाव फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला, शिवणकाम करणाऱ्या आपांना माहीत असावं. चाळिशीचा माणूस, बोलणं चार-दोन शब्दांचं, नजर कायम आपल्या खांद्यापलीकडे. मी त्याची नक्कल फार छान करायचे. आपा रागवायच्या नाहीत. "थो खोटं नाही बोलत बेटा, त्याले येतच नाही," एवढंच म्हणायच्या.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलं, भोंगा बंद पडला. ज्याला त्याला आपली पडली होती. चाचाकडे कोण बघणार? तो वेळेवर उभा राहायचा, वाट पाहायचा आणि मग मुठीने स्वतःचं कपाळ बडवायचा. पुढे पुढे चौकटीवर आपटायला लागला. "वाजव ना, वाजव," म्हणत रडायचा. रक्त यायचं.

"मार मागून राह्यला थो," शेजारी म्हणाले. कानाखाली 'वाजवणं' सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ते पटलंही.

एकट्या आपांना तो आवरेना. मी तेव्हा शिक्षिका व्हायचं शिकत होते आणि स्वतःला फार समजूतदार समजत होते. आठला आणि पाचला शेजारी कोणीतरी असायचं; रोज दुपारी एकला पाच मिनिटं असताना मी जायचे आणि ओढणीने त्याची मनगटं बांधायचे. वेळ एकदाही चुकवली नाही. हीच वेळ का, हे मात्र मला कधी विचारावंसं वाटलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

दीड वर्षाने जिनिंगची यंत्रं विकायला निघाली. घेणाऱ्याने एका दुपारी भोंगा वाजवून पाहिला, नेमका एकच्या सुमारास. बांधलेल्या हातांनी चाचा ऐकत राहिला. "झालं," म्हणाला आणि ताटाकडे वळला.

आपा मशीनवरून उठल्या. "भोंगा मांगत होता बेटा थो," त्या म्हणाल्या. "अन् आपण त्याले बांधून ठेवलं."

भोंगा ट्रकमध्ये चढून गेला. त्या दिवसापासून आपा ठरल्या वेळी पितळी परात वाजवू लागल्या. चाचा जेवू लागला, कपाळाची जखम भरून आली. स्वमग्नता हा शब्द मला पुढे फुलसावंगीच्या शाळेत लागल्यावर एका प्रशिक्षणात भेटला. अशा माणसाचं स्वतःला मारून घेणं हे बहुधा काहीतरी सांगणं असतं, असं तिथे शिकवत होते. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला लिहवेना.

सुट्टीत आले की आपांकडे जायचेच. मी दारात दिसले की घडीचाचा निमूट उठायचा आणि दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे धरायचा. शेवटच्या भेटीत मी त्या हातांत पेरू ठेवला. आपांनी परात वाजवली. चाचा "झालं" म्हणाला नाही. पेरू धरून, मनगटं तशीच पुढे करून, मी बांधायची वाट पाहत उभा राहिला.