न आलेला वास

तव्यावर सुरमईची पहिली तुकडी पडली, तेल तडतडले, रव्याची कड सोनेरी होऊ लागली. आणि माझ्या नाकापर्यंत काहीच पोहोचले नाही. दिवाळीनंतरच्या तापात माझी वासाची जाणीव गेली, ती अजून परतली नव्हती. रंग दिसत होता, नाद ऐकू येत होता. पण ज्या दरवळाने मासा मासा होतो, तो कुठे हरवला होता?

मी मूळची वेंगुर्ल्याची. जबलपूरच्या महाविद्यालयात शिकवायला आले, त्याला बारा वर्षे झाली. समुद्र इथून शेकडो कोस दूर, म्हणून दर पौषात मुंबईचा भाऊ थर्मोकोलच्या पेटीत बर्फ भरून मासे रेल्वेने पाठवतो आणि आमच्या घरी आठ-दहा स्नेह्यांची पंगत बसते. तिचा मला अभिमान आहे, आणि तो लपवावा असे कधी वाटले नाही. नर्मदेच्या रोहूवर वाढलेल्या या माणसांना खाऱ्या पाण्याची गोडी मी लावली.

त्यांतली माझी सर्वांत लाडकी वंदना. घराणे नागपूरकडचे, पण जन्म इथलाच. नवरा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात. पहिल्या वर्षी ती नाकाला ओढणी लावून दारातच थांबली होती. दुसऱ्या वर्षी तिने रस्सा चाखला, तिसऱ्या वर्षी पेटी उघडताना शेजारी येऊन बसली. मी शिकवत गेले: कल्ले लाल हवेत, अंग बोटाखाली घट्ट लागायला हवे, आणि शेवटचा कौल नाकाचा. शिकवताना कुणाला ठाऊक असते, आपण कुणाला कशासाठी तयार करतो आहोत?

यंदा मी कुणालाच काही सांगितले नव्हते. जिच्या हातच्या माशांची लोक वर्षभर वाट पाहतात, तिला वासच येत नाही, हे सांगायचे तरी कसे? त्यात गाडी सात तास उशिरा आली आणि पेटीतल्या बर्फाचे पाणी झाले. सुरमईचे लाल कल्ले पाहून माझी खात्री पटली. पण कोळंबी भावाने सोलून पाठवली होती, तिच्याकडे नुसते पाहून काही कळेना. ठीकच असेल, असे मनाला समजावत मी तिला हळद-मीठ लावले. तव्यावरची सुरमई उलटून कोळंबीची परात उचलली, तेवढ्यात वंदना मदतीला आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. मग परातीवर वाकली, सरळ झाली, माझ्याकडे बघत राहिली.

“ताई, ही कोळंबी बिघडली आहे,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “तुला वास येऊन नाही राहिला का?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग काहून लपवून राहिली गं? मी आहे ना.”

तिच्यासमोर मला लाज वाटली, आणि लाजेमागून फार मोठी सुटका. सारी कोळंबी आम्ही परसातल्या खड्ड्यात पुरली. सुरमईच्या रश्श्याला मग वंदना उभी राहिली. आंबट, खारट, तिखट एवढे माझ्या जिभेला उरले होते, बाकीचे मी तिच्या स्वाधीन केले. खोबरे केव्हा पुरते भाजले, तिरफळाचा गंध केव्हा रश्श्यात उतरला, हे ती सांगे आणि मी निमूट ऐके.

पंगत बसली; वाढायला दरवर्षीप्रमाणे मी उभी, माझे जेवण सगळ्यांच्या मागून. दीक्षितपुऱ्यातले दुबेजी पहिल्याच घासाला म्हणाले की भाभींच्या हातचा असा रस्सा आजवर कधी खाल्ला नव्हता. वंदना खाली मान घालून भात कालवत राहिली. तिने एक अक्षर काढले नसते. ती स्तुती गुपचूप पदरात घ्यावी, असा मोह मला क्षणभर झाला. मग मी सर्वांना तापाचे सांगितले, कोळंबीचेही सांगितले.

“आणि हा रस्सा,” मी म्हटले, “वंदनाचा आहे.”

मग दुबेजींनी आपली वाटी माझ्यासमोरून वळवून तिच्यापुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिले. मी पळी तिच्या हाती दिली. आपल्याला येते ते दुसऱ्याला दिले की आपण थोडे रिते होतो, असे मला आजवर वाटत आले होते. त्या दुपारी, इतक्या वर्षांत प्रथमच, मी माझ्याच घरी सगळ्यांबरोबर बसून गरम गरम जेवले.