पहिली पावती

आमच्या कॉटेजच्या अंदाजपत्रकातली एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे पार पडली, ती म्हणजे पावतीपुस्तक. ह्यांचा बेंगळुरात चामराजपेटेत छोटा छापखाना होता. पाया खणायच्या आधीच ह्यांनी पन्नास पानांचं पावतीपुस्तक छापून, शिवून माझ्या हातात ठेवलं. ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी,’ असं मी म्हणाले, तर दोन दिवस रुसून बसले.

नव्वदच्या दशकातली वर्षं होती. ऑफसेटची मशिनं आली आणि आमच्या पायानं चालवायच्या मशीनकडे लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं येईनाशी झाली. हेब्बाळच्या बरंच पुढे, द्राक्षमळ्यांच्या बाजूला, सासऱ्यांनी कधीकाळी घेतलेला जमिनीचा तुकडा पडून होता. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या कंपन्यांत आलेली पोरं शनिवार-रविवारी कुठं जाऊ, कुठं नको, अशी हिंडत असायची. तिथं दोन खोल्यांची कॉटेज बांधायची. बेंगळुरात ना उन्हाळा भाजतो, ना थंडी झोंबते, तेव्हा ती बाराही महिने भाड्यानं जाणार, असं ह्यांचं म्हणणं. एका रात्रीचे अडीचशे. मी टेलिफोन कचेरीत कारकून होते. प्रॉव्हिडंट फंडातून चाळीस हजारांचं कर्ज मी काढलं, छत्तीस हप्ते, दर महिन्याला पगारातून कापून. जगात माझ्या नावावर तेवढीच पुंजी होती, आणि सही करताना मला खरोखरच घाम फुटला.

अंदाजपत्रक वाया गेलेल्या पत्रिकांच्या पाठीवर लिहिलेलं होतं. एका बाजूला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, दुसऱ्या बाजूला सिमेंट, वीट, मंगलोरी कौलं. बोअरवेलला आम्ही दीडशे फूट धरले होते, कारण तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्यानं तसं सांगितलं होतं. दीडशेला नुसती पांढरी धूळ उडाली. फुटाफुटाला पैसे, आणि थांबावं तर झालेला खर्च मातीत. मी तिथं पदर नाकाला लावून उभी होते आणि मनातल्या मनात एकेक गोष्ट खोडत होते. आधी व्हरांड्याच्या फरश्या गेल्या, मग न्हाणीघरातल्या टाइल्स, मग गिझर. दोनशे ऐंशीला पाणी लागलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं.

पाडव्यानंतर वास्तुशांत केली. सासूबाईंना आमच्यातली सगळी मंडळी अक्का म्हणत, मीसुद्धा. पंगत बसली तेव्हा अक्का हात जोडून सगळ्यांना म्हणाल्या, “आपलंच घर आहे. कधीही या, सरी, बरं का?”

मंडळींनी शब्द पाळला. आधी चुलत दीर सहकुटुंब आले, मग राजाजीनगरच्या मावससासूबाई, मग त्यांचे व्याही. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. येताना कुणी फणस आणला, कुणी कॉफीची पूड. जाताना सगळ्यांनी हवेची तारीफ केली. पैशाचं नाव कुणी काढलं नाही, आणि आमच्यात आपल्या माणसाकडे भाडं मागायची रीत नाही. अंदाजपत्रकात मी झाडूसुद्धा धरला होता, पण नातेवाईक धरायचे राहिले होते.

शनिवारी बाहेरच्या कुणाचा फोन आला की आम्हाला नाही म्हणावं लागे, कारण तिथं आपलं कुणीतरी असेच. राखण करणाऱ्या जोडप्याचा पगार, विजेचं बिल चालूच. दर रविवारी संध्याकाळी मी बसनं जाऊन चादरींचं गाठोडं घरी आणायची आणि सोमवारी पहाटे धुवून कामावर जायची. पगाराची चिठ्ठी हातात आली की मी आधी कापलेला आकडा बघायची. छापखाना बंद पडला आणि हे असंच चाललं, तर खायचं काय, हा एकच प्रश्न मला धरून बसला होता. ह्यांना विचारलं की म्हणत, “स्वल्प थांब, जम बसेल.” मी कपबशा आपटायची.

पाच महिने असे गेले. एका सोमवारी अक्का माझ्याबरोबर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

“किती झाल्या गं?”

“सोळा.”

“आणि पावत्या किती फाडल्यास?”

“एकही नाही.” हे बोलताना माझा आवाज चढला होता. “तुम्हीच तर सगळ्यांना बोलावलंत!”

पुढच्या शनिवारी अक्का हट्टानं म्हणाल्या, मला कॉटेजवर घेऊन चल. दोन रात्री राहिल्या. सोमवारी सकाळी निघताना त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि सासऱ्यांच्या मागं मिळणाऱ्या पेन्शनमधले पाचशे रुपये माझ्यापुढं ठेवले.

“पावती फाड.”

“अक्का, तुमच्याकडून कसे घेऊ?”

“माझ्याकडून घेतलेस तर कुणाकडेही मागता येतील. फाड म्हणते ना!”

मी लिहायला बसले. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. वर क्रमांक एक.

दर गुरुवारी नात्यातल्या बायका आमच्याकडे भजनाला जमत; ती पावती अक्कांनी तिथं सगळ्यांच्या हातात फिरवली. गौरी-गणपतीच्या सुट्टीत बारा जणांना घेऊन येणार असलेल्या चुलत दिरांचा लगेच फोन आला. “अक्कांनी पैसे दिले म्हणे?” मी हो म्हटलं. “मग या खेपेला राहू दे,” म्हणाले आणि फोन ठेवला. त्या सुट्टीत पुण्याचं एक जोडपं आलं. पावती क्रमांक दोन. डिसेंबरपर्यंत हप्त्यापुरते पैसे सुटू लागले. मी चादरी धुवायला बाई लावली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मग संक्रांत आली. अक्का दरवर्षी तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आपल्या हातानं मिसळून तिळगुळाच्या चाळीस पुड्या बांधत. येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे दार दिवसभर उघडं असे. त्या वर्षीही त्यांनी चाळीस बांधल्या आणि नवं लुगडं नेसून दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. गुरुवारच्या भजनाला हल्ली चौघीच येत होत्या, ते मला दिसत होतं, पण पैसे येऊ लागल्याच्या आनंदात मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा मी ताट आत आणायला गेले. एकतीस पुड्या तशाच होत्या.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “शनिवारी कॉटेजवर कोण आहे?”

“मुंबईचे आहेत.”

“त्यांना हा तिळगूळ नेऊन दे,” अक्का म्हणाल्या, “आणि सांग, घरचा आहे.”