ताईच्या लग्नाचा वरण-बट्टी अल्बम

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये लग्न नव्हतं. जेवण होतं. आणि त्याला जबाबदार मी, घरातला एकुलता एक कंप्युटर इंजिनीअर!

सारिकाताईचं लग्न आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला, दारातच मांडव घालून झालं. फोटोग्राफरने 'हळद', 'लग्न' आणि 'जेवण' असे तीन फोल्डर माझ्या लॅपटॉपवर टाकले आणि पुढच्या लग्नासाठी आपल्या कॅमेऱ्याची कार्डं पुसून टाकली. नंदुरबारचा अल्बमवाला म्हणाला, "सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये आणा."

माउसने कॉपी केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण इंजिनीअरला ते शोभतं का? मी फायली झिप करायची एक छोटी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्याने लिहून फुकट ठेवलेला कोड!) उतरवून घेतली आणि तीन तास खपून प्रोग्राम लिहिला. त्याने तिन्ही फोल्डर दाबून एक झिप केली. मग ती पेन ड्राइव्हवर उघडताना फोल्डर गाळले आणि सगळे फोटो एका जागी ठेवले. जागा अडते म्हणून मूळ फोल्डर मी उडवले. पेन ड्राइव्ह नंदुरबारला पोचवला. उघडून बघितला? छे!

अल्बम आला त्या दिवशी सासूबाई ताईला घेऊन आमच्या घरी आलेल्या. आईने कौतुकाने त्यांच्याच हातात दिला. पहिलं पान, पंगत. दुसरं पान, पंगत. तिसऱ्या पानावर वांग्याच्या भाजीची बादली.

"इहीनबाई," सासूबाई अहिराणीत शांतपणे म्हणाल्या, "लगीन कोठे शे?"

"फुडे व्हई ना!" आई म्हणाली.

पुढच्या पानावर ताई होती. तोंडात अख्खी बट्टी!

"नवरदेव तरी दखाडा!"

"तो काय, वरण वरपी ऱ्हायना," आमचे वडील, आप्पा, चष्मा पुसत म्हणाले.

मी अल्बमवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुमच्यात अशीच हौस असेल."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फोटोग्राफरने तिन्ही फोल्डरमध्ये फोटोंना एकपासून नंबर दिले होते. सगळे एका जागी आल्यावर हळदीच्या एक नंबरवर लग्नाचा एक नंबर बसला, त्याच्यावर जेवणाचा. जेवणाचे फोटो सगळ्यात जास्त (नवरदेव एक, जेवणारे हजार!), त्यामुळे बाकीचं काहीच उरलं नाही.

ताई नुसती पानं उलटत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, मन्ही हळद गयी का रे?"

 लॅपटॉप उघडून मी प्रोग्रामची एकेक ओळ तपासू लागलो. लायब्ररीला शिव्या घातल्या. सासूबाईंना कोड समजावून सांगितला. त्यांनी चहा संपवला. तास गेला.

ताई (जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते) मागे येऊन उभी राहिली. "ती तुन्ही झिप शे का अजून?"

"शे ना. पण त्याचं काय?"

"सरक तिकडे."

तिने झिपवर माउसचं उजवं बटण दाबलं. एका मिनिटात 'हळद', 'लग्न', 'जेवण' तिन्ही फोल्डर जसेच्या तसे बाहेर आले! झिपमध्ये सगळं शाबूत होतं. वाट लावली होती ती मी, उघडताना.

दुसरा अल्बम छान झाला. आता घरात कंप्युटरचं काहीही अडलं की सगळे ताईला फोन लावतात. मलाही लावतात, नाही असं नाही. पेन ड्राइव्ह नंदुरबारला पोचवायला. त्यात काय आहे ते ताई आधी उघडून बघते.