पेडण्यात पाळीची वाट पाहताना

कोल्हापूरची बस गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला थांबली, पोलिसांनी आत डोकावून पाहिलं आणि मी पाचव्यांदा फोन काढला. लेकीचा काही निरोप नव्हता. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बाई, इकडे रेंज येत-जात असते, उगाच बॅटरी संपवू नका." मी म्हटलं, "तुमची नाही ना संपत?" ते बिचारे खिडकीबाहेर बघू लागले. माझा स्वभाव असाच आहे. जन्म मिरजेत इस्पितळाच्या वॉर्डात गेला, नातेवाइकांना 'बसा, कळवतो' म्हणणारी सिस्टर मी. आता मलाच कुणीतरी 'बसा, कळवतो' म्हणत होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

झालं होतं ते असं. माझी मुलगी रूथ पेडणे तालुक्यात कोरगावला दिली आहे. जावई मार्सेलीन मालवाहू जहाजावर नोकरीला. ते जहाज परमुलखात एका बंदराबाहेर अडकवून ठेवलं होतं आणि खलाशांचे फोन काढून घेतले होते. एजन्सीवाले रोज तेच सांगत, सगळे सुखरूप आहेत, पुढचं कळवू. सुखरूप आहे तर बोलू का देत नाहीत? या प्रश्नाने माझी झोप उडाली होती.

पेडण्याला उतरले, छोट्या खासगी बसने कोरगाव गाठलं. दुतर्फा काजूची झाडं, मधेच भाताची कापलेली शेतं, आणि नाताळ जवळ आल्यामुळे कुठे कुठे दारावर कागदी तारे. इतर वेळी मी 'काय सुंदर गाव' म्हटलं असतं. त्या दिवशी मला फक्त रूथ दिसली. ती बाल्कांवच्या (घरापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) एका टोकाला बसली होती, कारण रेंज तेवढ्याच टोकाला येते. जेवण तिथे, भाजी चिरणं तिथे, दुपारचं आडवं होणंही तिथेच. मला बघून उठली, मिठी मारली, पण फोन हातातून ठेवला नाही.

विहीणबाई कार्मेलीन मात्र शांत. सकाळी पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत आला की गरम पोयी (कोंड्याचे पाव) घ्यायच्या, अकराला पेज, खारातल्या कैरीची फोड. मला म्हणाल्या, "खावन घेयात, विहिणी. उपाशी रावल्यार तारू वेगीं येवचें ना." (उपाशी राहिल्याने जहाज लवकर येणार नाही.) बरोबरच होतं, पण मला राग आला. पोटचा मुलगा कुठे आहे ठाऊक नाही आणि ही बाई पेजेत मीठ बघते!

आता एक सांगते. आम्ही मिरजेकडचे प्रॉटेस्टंट. आमच्यात मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. आम्ही डोळे मिटतो आणि मराठीत देवाशी सरळ बोलतो. हे लोक कॅथलिक. नाताळाआधीच्या दिवसांत त्यांच्याकडे सायबीण (मरियामातेची मूर्ती) वाडीतल्या घराघरात फिरते. आज या घरी, उद्या त्या घरी. संध्याकाळी आधीच्या घरून मिरवत आणायची, तिच्यापुढे लदीन (एकत्र गायची प्रार्थना) म्हणायची, मग आलेल्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या. क्रम ठरलेला असतो, बापजाद्यांपासूनचा.

आमच्या घराची पाळी अजून चार घरं लांब होती. रूथ म्हणाली, "मम्मी, ती आली की माझ्या मनाला जरा बरं वाटेल." बस्स, माझं डोकं फिरलं. ज्या मूर्तीपुढे मी मान वाकवत नाही, तिच्यासाठीच मला घाई सुटली. चप्पल घातली आणि थेट पेद्रू तियूंच्या (तियू म्हणजे काका) अंगणात. दुसऱ्या दिवशी सायबीण त्यांच्याकडे यायची होती. म्हातारा नारळ सोलत होता. मी म्हटलं, "तुमची पाळी आमच्या रूथला द्या. पोरगी सुकत चाललीय. तुमचं काय, चार दिवसांनी आली तरी चालेल."

त्यांनी कोयता खाली ठेवला. मग फार वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "बाय, तुमी विचारलें न्हय, आतां म्हाका दिवंक येना." (तुम्ही विचारलंत, आता मला देता येत नाही.) पुढे सांगितलं ते असं, की उद्या सकाळी ते आपणहून यायचे होते, 'सायबीण आधी तुमच्याकडे घ्या' सांगायला. घरात सुनेशीही बोलून झालं होतं. पण इथली रीत अशी, की पाळी आपणहून द्यावी, मागितल्यावर द्यायची नाही. एकाने मागून घेतली की दुसराही मागेल, मग क्रमच उरणार नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस तोही मागेल, ज्याचं लग्न ठरत नाही तोही मागेल. कुणाचं दुःख मोठं, हे कोण ठरवणार?

मी तोंडात मारल्यासारखी परत आले. रूथला सांगितलं तर ती फोनकडे बघत म्हणाली, "मम्मी, तू जरा बस ना गं कुठेतरी."

बसणं माझ्या नशिबात नाही. एजन्सीकडून रूथला कळलं होतं की त्याच जहाजावर डिचोलीजवळच्या सर्वणचा एक मुलगा आहे, दिगंबर, पहिल्याच सफरीवर. म्हटलं, त्यांना काही बातमी असेल. सकाळी निघाले. म्हापशाला बस बदलली. शुक्रवार असल्याने बाजार स्टँडपर्यंत उतू चालला होता, केळ्यांचे घड, सुकी मासळी, चुरीसांच्या (मसालेदार डुकराच्या मांसाच्या) माळा. लोक घासाघीस करत हसत होते आणि मला वाटत होतं, यांना हसू येतं कसं?

डिचोलीहून सर्वणला जायला पायलट (भाड्याची मोटारसायकल) केला. आयुष्यात पहिल्यांदा. पोरगा म्हणाला, "मावशे, घट धर." मी त्याच्या शर्टाला अशी लटकले की एका वळणावर त्याचं बटण तुटलं. लाल धूळ डोळ्यांत गेली, चष्मा तिरका झाला. उतरताना तो म्हणाला, "मावशे, परत जाताना रिक्षा कर हां." मला हसूच आलं, किती दिवसांनी.

दिगंबरची आई सुशीला दाणे पाखडत बसली होती. मूळची दोडामार्गकडची, नवरा खाणीवर ट्रक चालवायला म्हणून इकडे आला आणि इथलाच झाला. खाण थांबली तसा मुलगा जहाजावर गेला. तिच्याकडेही बातमी नव्हती. चहा झाला, मी मिरजेची ख्रिस्ती हेही बोलण्यात आलं. मग तिने विचारलं, "ताई, तुमची प्रार्थना मराठीत असता मां? मगे माका समजात. आमच्या दिगूचा नाव पण घ्या."

मी तिच्या ओसरीवर डोळे मिटले आणि नेहमीसारखी सुरू झाले. प्रभू, आता पुरे. लवकर फोन येऊ दे. आजच्या आज येऊ दे. तू समर्थ आहेस तर उशीर कशाला? आमेन म्हणून डोळे उघडले तर सुशीला पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तुमी देवाक दटावतास की काय?"

"मग काय करू?"

"आमी गाऱ्हाणा घालतो आनि भात रांदूक जातो. त्येचा काम त्येका करूक नको?"

आणि ती खरंच उठली, भात टाकायला गेली. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, माझा फोन नंबरही लिहून घेतला. पण ताट वाढताना तिने मीठ दोनदा वाढलं, तेही मी पाहिलं.

आमची पाळी आली त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. पेद्रू तियूंनी व्हायोलिन वाजवलं, कार्मेलीनबाई सगळ्यांत मोठ्याने गात होत्या. मी मागे भिंतीला टेकून उभी. शब्द कळत नव्हते, पण कार्मेलीनबाईंचा आवाज मधेच फाटला आणि त्यांनी तो परत जागेवर आणला, ते मात्र कळलं. इतके दिवस मला वाटलं होतं, या बाईला काळजीच नाही!

चणे वाटत असताना माझा फोन वाजला. सुशीला. मी बाल्कांवच्या त्या टोकाला धावले.

"ताई, आमच्या दिगूचो फोन इलो! सगळे बरे आसत. तुमचो जावई पण बरो आसा!" ती हसत होती, रडत होती. मग एकदम हळू झाली. "थोड्यांकच बोलूक दिल्यानी आज. मार्सेलीनाची पाळी होती. त्येना ती आमच्या दिगूक दिली. पोर लय रडत होतो म्हणान."

"आणि त्याचा फोन कधी?"

"ता काय सांगूक नाय, ताई. परत कधी देतत म्हायत नाय."

खरं सांगते, आधी मला संतापच आला. अरे शहाण्या! इथे तुझी बायको ओट्यावर वाळतेय आणि तू पाळ्या वाटत सुटलास? मी हे मोठ्याने बोलले, सगळ्यांसमोर. रूथ ओट्यावर बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि त्यातच हसली. "असाच आहे तो, मम्मी. असाच आहे."

कार्मेलीनबाईंनी चण्यांचं पातेलं खाली ठेवलं. "कोणें मागली ना न्हय?" त्यांनी विचारलं. (कुणी मागितली तर नाही ना?) मी म्हटलं, "नाही. त्याने आपणहून दिली." त्यांनी पेद्रू तियूंकडे पाहिलं, मान हलवली आणि परत पातेलं उचललं. माझ्या ओंजळीत चणे घालताना त्या ओक्साबोक्शी रडत होत्या.

दोन दिवसांनी मी निघाले. त्याचा फोन आला नव्हता. रूथ मला सोडायला बसपर्यंत आली, म्हणजे त्या टोकापासून पहिल्यांदा एवढी लांब आली. परतीच्या वाटेवर आंबोलीच्या धुक्यात बस सावकाश चढत होती आणि मी प्रार्थना करायला गेले, तर 'लवकर' हा शब्द तोंडातून निघेना. आजवर धीर म्हणजे मला दातओठ खाऊन बसणं वाटे. गोव्यात पाहिलं, ऐकलं ते वेगळंच होतं. तिथे वाट बघणारी माणसं दुसऱ्याला भात वाढत होती, आपली पाळी देऊन टाकत होती. त्यांना भीती नव्हती असं नाही. मला ते जमेल का, ठाऊक नाही.

रविवारी मिरजेच्या मंडळीत (चर्चमध्ये) पाळकांनी प्रार्थनेसाठी विनंत्या विचारल्या. मी उभी राहिले. म्हटलं, त्या जहाजावरच्या प्रत्येकाच्या घरचा फोन आधी वाजू दे, आमचा शेवटी वाजला तरी चालेल. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. माझे उघडेच होते, हातातल्या पर्समधल्या फोनकडे लागलेले.