पहिल्या फायनलचा कागद

डावा पंजा वाहतूक पोलिसासारखा वर करायचा आणि म्हणायचं, "तोंडी नको." मग उजव्या हाताने कोरा कागद पुढे सरकवायचा. काकांचं हे सगळ्यांशी चालायचं. पकड चुकीची दिली म्हणून तणतणत आलेल्या कप्तानाशी, आणि जेवण व्हेज की नॉनव्हेज विचारायला आलेल्या मंडळातल्या काकूंशीही. मुलीने क्युपर्टिनोहून फोन करून लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा हे म्हणाले होते, "ईमेल कर." ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना हसायचे नाहीत.

तुमच्याही मंडळात असा एक माणूस असेल. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं, भाषणात त्याचं नाव येत नाही, पण तो आला नाही तर कार्यक्रम सुरू होत नाही. अमेरिकेत, आमच्या कौंटीतल्या मराठी क्लबांच्या कबड्डी स्पर्धेत काका असे होते. पहिल्या वर्षापासून ते गुणलेखक. आधी पार्कातल्या गवतावर चुना टाकून खेळायचे तेव्हाही, आणि आता ईडन प्रेरी गावात शाळेचं जिम भाड्याने घेऊन मॅट अंथरतो तेव्हाही. मी नागपूरहून शिकायला आले, इथेच नोकरीला लागले आणि तीन वर्षं त्यांच्या शेजारी सहायक म्हणून बसले. कोण बाद झालं, कोण कितव्या क्रमाने आत यायचं, हे मी लिहायचे. माझी एक ओळ वाकडी गेली की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "अगं, पत्रक नाही हे."

पत्रकं मी लिहिते, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या आंबेडकरी अभ्यासगटाची सगळी पत्रकं माझ्या हातची. भाषा कडक असते, असं लोक म्हणतात. असते. मऊ भाषेत सांगून कुणी काय बदललं ते मला दाखवा.

स्पर्धेचा इतिहास विचारायचा तर काकांना. कुठल्या वर्षी कोण जिंकलं, कुणाचा गुडघा गेला, कुठल्या फायनलला पाऊस आला आणि कुणी सोफ्याचं प्लास्टिक काढून मैदानावर पसरलं, सगळं त्यांच्या फायलींत होतं. दर सामन्याचं गुणपत्रक प्लास्टिकच्या कव्हरात. गुणाला तिरकी रेघ, अख्खा संघ बाद केल्याच्या, म्हणजे लोणाच्या, दोन गुणांना चौकोन. पंचवीस वर्षांत एक चौकोन तिरका नाही.

फिरत्या ढालीवर मात्र एक जागा विचित्र आहे. दर वर्षाची पितळी पट्टी, तिच्यावर विजेत्या क्लबचं नाव. पहिल्या पट्टीवर एकच शब्द: अपूर्ण. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "सह्या पूर्ण नव्हत्या." आणि फाईल मिटली.

यंदाच्या आंबेडकर जयंतीला जर्सी सिटीहून एक पाहुणे आले. पन्नाशीचे, बँकेच्या आयटीत नोकरी. जेवताना कळलं की पहिल्या वर्षी आमच्या पोरांचा क्लब होता, निळ्या टीशर्टांचा, आणि हे त्याचे कप्तान. फायनल त्यांनी एका गुणाने जिंकली होती. शेवटच्या चढाईत यांनीच गडी टिपून मध्यरेषा गाठली होती.

"मग अपूर्ण कसं?" मी विचारलं.

"हरलेल्या कप्तानाने सही केली नाही."

"का?"

ते खीर चमच्याने हलवत राहिले. "गुणलेखकाला विचार. तो टेबलाशीच होता. मी टीशर्ट पिळत होतो, पण ऐकलं मीही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, हे तसंच सांगणार."

हरलेला तो कप्तान म्हणजे आजचे आमचे अध्यक्ष. मोठं घर, मोठं मन, नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिला आठवडा राहायला जागा देणारे. आणि यंदा रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघणार होती. त्यात विजेत्यांची यादी छापली जाणार, आणि एकदा छापली की तोच इतिहास.

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. 'पंचवीस वर्षांची चोरी'. त्यात एक परिच्छेद "टेबलाशी बसलेल्या मूक साक्षीदारा"वर होता. पाठवण्याआधी एक प्रत काकांच्या दारातून आत सरकवली. समोरासमोर द्यायची हिंमत नव्हती, हे आता लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. माझं पत्रक टेबलावर, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"एकतीस-तीस कुठून आणलंस? सत्तावीस-सव्वीस. 'नीच' तीनदा आलाय, एकदा पुरे. आणि हा मूक साक्षीदार मीच ना? मग नाव लिहायचं. असं मोघम लिहिणं म्हणजे तोंडी बोलल्यासारखंच."

"काका, ते काय म्हणाले होते?"

ते उठले, कपाटातून फाईल आणली. पहिल्या फायनलचा कागद पिवळा पडला होता. खाली विजेत्या कप्तानाची सही. तिच्या खालची ओळ रिकामी. उजव्या कोपऱ्यात 'शेरा' असं छापलेलं, आणि तीही जागा रिकामी.

"सह्यांचा क्रम मीच ठरवला होता," काका म्हणाले. "जिंकलेला वर, हरलेला खाली. रूल्स मी लिहिले. तेव्हा वाटलं होतं, साधी गोष्ट आहे."

"शेरा कुणी लिहायचा?"

"गुणलेखकाने."

"कधी?"

"सामना संपल्यावर लगेच."

"मग?"

काका खिडकीबाहेर बघत होते. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. एप्रिल संपत आला तरी आमच्याकडे हे चालतं.

"मला इथे येऊन चार महिने झाले होते. नोकरी अध्यक्षांनीच लावून दिलेली. व्हिसा त्या नोकरीवर. राहत होतो त्यांच्याच बेसमेंटमध्ये."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. तू विचारलंस, मी सांगितलं."

"तुम्ही घाबरलात."

"हो. ते घाल पत्रकात."

मला खरं तर भांडायचं होतं, आणि ते भांडू देत नव्हते. मी म्हटलं, रविवारच्या स्मरणिकेच्या सभेत उभं राहून सांगा, यादी छापायच्या आधी सांगा, नाहीतर आयुष्यभर तुम्ही आणि तो सारखेच. त्यावर त्यांनी काय केलं असेल, तुम्हीच ओळखा. पंजा वर. "तोंडी नको." आणि कोरा कागद.

संतापाने माझे कान तापले. तरी लिहिलं: पहिल्या अंतिम सामन्याच्या गुणपत्रकातला शेरा पूर्ण करावा, ही विनंती. त्यांनी खाली 'मिळाला' लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली, फाईलला लावलं. मी दार आपटून निघाले.

सभा लायब्ररीच्या खोलीत, रविवारी दुपारी. पाचपर्यंतचं बुकिंग. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे समोसे आणले होते. काका त्यांच्याच गाडीतून आले. ते पंचवीस वर्षं त्यांच्याच गाडीतून यायचे.

यादी वाचायला सुरुवात झाली. "पहिलं वर्ष, अपूर्ण. दुसरं वर्ष..."

मी हात वर केला. "पहिलं वर्ष अपूर्ण नाही. सामना झाला, निकाल लागला."

"अगं, तू तेव्हा शाळेत तरी होतीस का?" अध्यक्ष म्हणाले. खोली हसली. "हे बघ, आपण इथे आलो तेव्हा तिकडचं जुनं सगळं मागे ठेवलंय. इथे तसं काही नाही. काय रे?"

मागून "हो हो" झालं. इथे प्रत्येकाला प्रत्येकाची जात माहीत असते. आडनावातून कळत नसेल तर गाव विचारून, गावातून नाही तर तालुका विचारून. आणि मग सगळे मिळून म्हणतात, इथे तसं काही नाही.

"तुम्ही मागे ठेवलंत," मी म्हटलं, "पण पहिली पट्टीसुद्धा मागे ठेवलीत."

"यार, प्रत्येक गोष्टीत हे कशाला," मागून कुणीतरी म्हणालं.

अध्यक्ष चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. ते वळले. "काका, रूल तुमचाच. सांगा हिला."

काका उठले. समोशांचा ट्रे फिरत होता, तो कुणाच्या तरी मांडीवर थांबला.

"रूल माझाच आहे," ते म्हणाले. "दोन सह्या नसतील तर निकाल अपूर्ण. अध्यक्षांचं बरोबर आहे."

अध्यक्ष मान हलवत पुढचं पान उलटू लागले.

"पुढचं वाक्य राहिलं," काका म्हणाले. "सही का नाही, ते गुणलेखकाने शेऱ्यात लिहायचं. ते मी लिहिलं नाही."

त्यांनी फाईल उघडली, कागद कव्हरातून काढला आणि टेबलावर ठेवला.

"काका, बसा. घरी बोलू आपण."

काकांनी डावा पंजा वर केला. अध्यक्षांसमोर तो पंजा आजवर कुणी पाहिला नव्हता. ते वाकून लिहू लागले, आणि लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होते. "पराभूत संघाच्या कप्तानाने सही नाकारली. कारण विचारले असता ते म्हणाले..." थांबले. मान वर केली. "वाक्य तुम्ही सांगता, की मी लिहू?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. "पोरगा होतो मी तेव्हा. हरल्याचा राग होता. बोललो असेन काहीतरी."

"काहीतरी नाही. शब्द आहेत."

अध्यक्षांच्या पत्नी स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. काकांनी पुरती वाट पाहिली, मग लिहिलं: "आमच्या घराण्यात यांच्या खाली कुणी सही केलेली नाही."

पंचवीस वर्षांच्या फायलीत तेवढंच अक्षर वाकडं आहे, मी नंतर पाहिलं. त्याखाली त्यांनी सभेच्या दिवसाची तारीख टाकली आणि लिहिलं, हा शेरा उशिरा लिहिला, दोष माझा. सही केली. मग कागद फिरवून अध्यक्षांकडे केला.

"आता तुमची राहिली."

अध्यक्षांनी कागदाकडे बघितलं. हात टेबलाखालीच होते. खोलीतल्या एकानेही "करून टाका" म्हटलं नाही. मीही नाही.

लायब्ररीची बाई दारात येऊन पाच मिनिटं उरल्याचं सांगून गेली. अध्यक्ष उठले. "विषय कार्यकारिणीकडे पाठवू." खुर्च्या सरकल्या, लोक एकमेकांवर त्या रचू लागले. काका कागदाशेजारी उभेच होते. टेबल उचलायची वेळ आली तेव्हा त्यांनी कागद कव्हरात घातला आणि सचिवांच्या हातात एक लिफाफा दिला. त्यांच्या नियमांत आणखी एक कलम होतं. सामन्याचा दिवस उलटल्यावर गुणपत्रकावर जो काही लिहील, त्याला पुन्हा गुणलेखक नेमू नये. लिफाफ्यात राजीनामा होता, टाईप केलेला. सचिवांनी नंतर मला दाखवला. तारीख मी दार आपटून निघाले त्या दिवसाची होती.

त्या दिवशी त्यांना मी घरी सोडलं. एका सिग्नलला ते म्हणाले, "दिवाळीचं काय करायचं ते आता बघावं लागेल." दरवर्षी त्यांची दिवाळी अध्यक्षांकडे असायची. मी म्हटलं, "माझ्याकडे या." ते म्हणाले, "तुला करंज्या येतात?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग बघू."

जूनमध्ये ते मुलीकडे क्युपर्टिनोला गेले, कायमचे. फायली सचिवांना मोजून दिल्या. पहिल्या फायनलच्या कागदाची रंगीत प्रत मला दिली आणि पोच लिहून घेतली.

स्मरणिका आली. पहिल्या वर्षासमोर छापलंय: अपूर्ण, शेरा पाहा. शेरा कुठेही छापलेला नाही. मी पानन् पान पाहिलं, जाहिरातींची सुद्धा.

सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीत होणाऱ्या स्पर्धेसाठी माझं पत्रक तयार होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि काकांना ईमेल केला: नुसता तो कागदच छापून वाटू का? उत्तर आलं: छाप. पाठीमागची बाजूही छाप, तिथे खेळाडूंची नावं आहेत.

जिमच्या दाराशी मी सकाळपासून उभी होते. आत गुणलेखकाच्या टेबलावर दोघे जण टॅबलेट घेऊन बसले होते. सगळं छान चाललं होतं, याचा मला राग येत होता. काहींनी कागद घेतला नाही. काहींनी घेतला आणि तिथेच उभं राहून वाचला. पन्नाशीच्या एका गृहस्थांना पाठीमागच्या यादीत स्वतःचं नाव सापडलं, हरलेल्या बाजूला. त्यांनी आणखी दोन प्रती मागितल्या, मुलांसाठी.

दुपारी अध्यक्ष आले. मी कागद पुढे केला. ते थांबले. घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या, घडी घालून खिशात ठेवला आणि आत गेले.

संध्याकाळी काकांना फोन केला. त्यांनी उचलला, तोंडी नको म्हणाले नाहीत. मी सगळं सांगितलं. किती कागद उरले, कोण काय म्हणालं. मग अध्यक्षांचं सांगितलं.

"कुठल्या खिशात ठेवला?"

"शर्टाच्या."

"त्या खिशाला पेन होतं? सही राहिलीय त्यांची."

मी आठवून पाहिलं. "लक्ष नाही गेलं, काका."

"बघायला हवं होतंस," ते म्हणाले.