काकूची बोटं आणि जावयाची डबी

आमच्याकडच्या थंडीची गोष्ट मी सांगायला लागलो की पुण्या-मुंबईकडची माणसं चहाचा कप खाली ठेवून हसतात. हसू द्या. सकाळच्या बातम्यांत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान परभणीचं म्हणून सांगितलं, की आमच्या गावाची छाती पोरगं पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखी फुगायची, आणि फुगलेली छाती थंडीनं तशीच आखडून बसायची. एका साली तर आमच्या शेजाऱ्यानं पहाटे पितळी तांब्या उचलला तो हाताला चिकटला. सोडवायला गेलेला भाऊ दुसऱ्या बाजूनं चिकटला. दोघं तसेच तांब्यासकट सोनपेठच्या बाजाराला गेले आणि ऊन वर आल्यावर मेथीच्या जुड्यांशेजारी सुटले. तांब्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. बाकीचं ऐकीव.

मी त्या वर्षांत गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो आणि चुलत्याच्या घरी राहत होतो. चुलती, म्हणजे आमची काकू, पाच गावांत प्रसिद्ध होती ती हरभऱ्याच्या आंबेसाठी. ज्यांनी आंब पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभरा घाट्यावर आला की त्याच्या पानांवर आंबट खार सुटतो. संध्याकाळी धुतलेलं जुनं धोतर पिकावर पसरून ठेवायचं. रात्रभरात खार आणि दव त्यात मुरतं. उजाडता उजाडता ते धोतर पिळून आंब चिनी मातीच्या बरणीत धरायची. पितळेत धरली तर भांडं हिरवं पडतं. ही आंब पोटदुखीला, अजीर्णाला, उचकीला चालायची. काकूच्या आंबेचा एक चमचा पाजला की रुसलेला बैल रवंथ करायला लागायचा आणि बोलकी सासू तासभर गप्प बसायची, असा माझा अनुभव आहे.

आंब कुणीही पिळेल, पण काकूसारखी नाही. तिचं म्हणणं, पहिला पीळ दवाचा आणि शेवटचा औषधाचा. पहिलं पाणी ती बांधावर सोडून द्यायची. कापडाचा पीळ बोटांना कुठल्या क्षणी जड लागतो, त्यावर ती बरणी पुढं ओढायची. तिथं डोळ्यांचं काम नव्हतं, सगळी भिस्त बोटांवर. विद्यापीठाच्या नावावरून ज्या वर्षांत माणसं एकमेकांच्या वस्तीची वाट टाळून जायची, त्या वर्षांतही काकूच्या ओसरीवर सगळ्या वस्त्यांच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असायच्या. माणसं मात्र तशी शेजारी उभी राहत नव्हती, हेही खरं.

आता माझा गुन्हा सांगतो. शाळेच्या भिंतीवर आरोग्य खात्याच्या माणसांनी गेरूनं लिहून ठेवलं होतं, की अंगावर बधिर चट्टा दिसला तर तपासून घ्या; कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो. काकूला वाचता येत नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला शाळेवरून जाताना तिनं मला विचारलं, काय लिहिलंय. दोन वाक्यं होती, वाचून मोकळं व्हायचं. पण मला साधं वाचता आलं असतं तर मी मास्तर कशाला, तलाठी झालो असतो. मी चट्ट्यापासून सुरुवात केली आणि मग पदरचं घालत गेलो. आधी बोटं कळेनाशी होतात, सुई टोचली तरी माणूस हसत बसतो, मग हातातली वस्तू सुटते तरी पत्ता लागत नाही, मग बोटं अशी वळतात, म्हणून माझीच बोटं वाकडी करून दाखवली. शेवटचं वाक्य वाचलंच नाही. बरा होतो म्हटलं की गोष्ट संपते, आणि मला तर ती रंगवायची होती. काकू पदराआड हात घेऊन चालू लागली.

पौषात एका सकाळी मी तिच्यासोबत शेतात होतो. तिनं धोतर पिळलं, बरणी उचलली, दोन पावलं टाकली आणि बरणी दगडावर पडून फुटली. काकू फुटक्या बरणीकडं बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडं बघत होती. बोटांची टोकं चुन्यासारखी पांढरी पडली होती. ती बांधावर बसली.

"सुटलेली मला कळलीच न्हाई रे," ती म्हणाली.

"थंडीनं होतंय काकू."

"तू सांगितलंतास न्हवं, आधी बोटं कळंनाशी होतात म्हणून."

मला वाटलं होतं गोष्ट हवेत विरली असेल. ती तिथं, तिच्या दहा बोटांत, दिवाळीपासून मुक्कामाला होती. दर थंडीत तिची बोटं मरायची, आणि दर थंडीत ती दुर्लक्ष करायची. या वर्षी माझ्यामुळं त्या मरण्याला नाव मिळालं होतं. आपल्याला तो रोग झाला असेल तर लोक आपल्या हातची आंब घेणार नाहीत, याचं तिला दुःख होतंच. त्याहून मोठं भय वेगळं होतं. याच हातानं पिळलेलं औषध आपण लोकांच्या लेकरांना पाजतोय. महिन्यातून एकदा गावात तपासणीचा कर्मचारी सायकलवरून यायचा. तो आला की काकू खुरपं घेऊन शेतात निघून जायची. काकाला सांगू नको म्हणून तिनं मला गळ्याची शपथ घातली.

मी तिथल्या तिथं कबूल केलं की मी वाढवून सांगितलं, आणि औषधानं तो रोग बरा होतो असंही भिंतीवर लिहिलंय. ती म्हणाली, "आता माझ्या समाधानासाठी सांगायलास." बघा न्याय. माझ्या थापेवर तिचा पूर्ण भरवसा, आणि जन्मात एकदा मी खरं बोललो तर ते खोटं ठरलं.

संक्रांतीला काकूची लेक आणि जावई आले. जावई फौजेत, लेहकडं. तिकडच्या थंडीचं वर्णन करताना तो म्हणाला की दाढीला साबण लावून आरशाकडं वळेपर्यंत दाढी पांढरी होते आणि पेन्शन लागते. मला पहिल्यांदाच कुणीतरी तोडीस तोड भेटलं. तर या जावयानं ट्रंकेतून दोन चकचकीत जपानी डब्या काढल्या. एक मोठी, विडीच्या कट्ट्याएवढी रुंद, आणि एक लहान, चुन्याच्या डबीची थोरली बहीण. झाकणाला नक्षीची भोकं, पोटात कापूस, आणि तोंडाशी एक जाळीदार टोपी. कापसाला पेट्रोल पाजायचं, टोपी बसवायची, तिला दहा आकडे मोजेपर्यंत काडी धरायची. ज्योत दिसत नाही, धूर नाही. पेट्रोलची वाफ टोपीत आल्या आल्या जळत राहते आणि डबी हळूहळू तापते, खुडूक कोंबडीखालच्या अंड्यासारखी. मग मखमलीच्या पिशवीत घालून हातात धरायची.

जावयानं सासूला मोठी घ्यायचा आग्रह केला. मोठी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालते, लहान दुपारी थंड पडते. काकूनं दोन्ही डब्या तळहातावर तोलून पाहिल्या, मूठ मिटून पाहिली.

"मोठी मुठीत मावंना जावईबापू," ती म्हणाली. "आणि दुपारी ऊब काय करायची? दुपारी सूर्य हाय की."

मोठी काकांनी उचलली. जावयानं बजावून सांगितलं होतं की राकेल घालायचं नाही, टोपी काजळीनं मरते. पण रेशनचं राकेल घरात असताना पेट्रोल जाळणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीत उभ्या असलेल्या काकांच्या कोपरीच्या खिशातून असा धूर निघाला की पालमची एसटी थांबा नसताना थांबली. टोपी काळी ठिक्कर पडली ती पुन्हा तापली नाही. काका त्या डबीत सुपारी ठेवू लागले आणि जपानी मालाला दम नसतो असं सांगत फिरू लागले.

लहानीला मी जपायचं ठरवलं. कशासाठी, ते फक्त मला आणि काकूला माहीत होतं. तिची बोटं गरम केल्यावर जागी झाली, तर तो गारठा. ऊब देऊनही मेलेलीच राहिली, तर मी काय तोंडानं तिच्यासमोर उभा राहणार होतो, देव जाणे. डबी पेटवायच्या आदल्या रात्री मला नीट झोप आली नाही, आणि माझी झोप अशी की शाळेची घंटा माझ्या कानाशी वाजवावी लागते.

माझ्या लुनातलं पेट्रोल रंगीत आणि वासाचं. जावई म्हणाला स्वच्छ पाहिजे. परभणीला एका लॉन्ड्रीत लग्नाचे कोट पेट्रोलनं धुवायचे. तिथून खोकल्याच्या औषधाची बाटली भरून आणली. एसटीत कंडक्टरनं नाक मुरडून विचारलं, वास कशाचा. मी म्हणालो, नवरदेवाचा कोट धुऊन आणलाय. कोट कुठंय म्हणाला. मी म्हणालो, नवरदेव घालून पुढच्या गाडीनं येतोय.

पहिल्या सकाळी काकूनं डबी पडू नये म्हणून स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवली. शेतात पोचेपर्यंत विझली. तिलाही आपल्यासारखा श्वास लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या सकाळी डबी पेटली, पण मी पेट्रोल काठोकाठ भरलं होतं. ते पिशवीत पाझरलं, पिशवीतून काकूच्या हाताला, हातातून धोतराला. वास आंबेत उतरला. आमच्या लक्षात येईपर्यंत त्यातली एक बाटली सुताराच्या घरी पोचली होती. पोटदुखी उतरली, पण दिवसभर विडी पेटवायची भीती वाटली, असं त्यानं कळवलं. राहिलेली आंब काकूनं बांधावर ओतली आणि मला जे काय बोलली ते मास्तरानं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या सकाळी मी शहाणा झालो होतो. पेट्रोल पाऊण भाग. बाहेरून डबी पुसली, अंगणात पेटवली, वास उडेपर्यंत थांबलो, मगच पिशवीत घातली. काकूनं हात राखेनं घासून धुतले. शेतात गेल्यावर ती आधी बांधावर बसली आणि डबी दोन्ही मुठींत आळीपाळीनं धरून राहिली. मी समोर उभा. बोलायला काही सुचत नव्हतं, आणि मला ओळखणारी माणसं या वाक्यावर विश्वास ठेवणार नाहीत. बऱ्याच वेळानं बोटांच्या टोकांना लाली आली. पण लालीवर काकूचं समाधान नव्हतं. तिनं डबी माझ्याकडं दिली, धोतर गोळा केलं आणि पिळलं. पहिलं पाणी सोडलं. दुसरा पीळ घातला. बरणी पुढं ओढून शेवटचा पीळ घालताना तिचे हात मध्येच थांबले.

"काय झालं?"

"झोंबायलंय," ती म्हणाली.

मी तांब्या घेऊन धावलो. तिनं हात मागं घेतले.

"पाणी नको घालू. झोंबू दे."

तिच्या हातांना टाचेसारख्या भेगा होत्या. त्या भेगांत वर्षानुवर्षं आंब जात होती, पण पिळायच्या आधीच बोटांची कातडी गारठून बधिर झालेली असायची, पिळाचं वजन तेवढं सांध्यांना कळायचं, म्हणून आंब कधी झोंबलीच नव्हती. काकू बसल्या जागी एकेक बोट दुसऱ्या हातानं धरून बघू लागली. ह्या करंगळीत लय, ह्या आंगठ्यात कमी, ह्या मधल्यात आगच हाय. जत्रेतून परतलेली लेकरं दारात उभी राहून मोजावीत, तसं चाललं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते भेगांमुळं येतंय असं तिचं म्हणणं होतं. माझी आजवर समजूत होती की ऊब म्हणजे सुख. त्या सकाळी डबीनं काकूला आधी दिलं ते दुखणं, आणि तिला तेच हवं होतं. मी हातातली डबी इतकी आवळून धरली होती की माझ्या तळहातावर झाकणाची नक्षी उठली. ती दोन दिवस गेली नाही. हे मात्र खरं आहे.

पुढच्या आठवड्यात सायकलवाला कर्मचारी आला आणि शाळेसमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसला. काकू शेतात गेली नाही. रांगेत चार बायांना मागं सारून पहिली उभी राहिली. त्यानं तिला डोळे मिटायला सांगितलं. पेनाचं टोक जिथं टेकेल तिथं बोट दाखवायचं.

"इथं," काकू म्हणाली.

"इथं म्हणजे कुठं?"

"सगळीकडं."

"मावशी, अजून मी टेकवलाच नाही."

बाया हसल्या. मिटल्या डोळ्यांनी काकूही हसली. मग त्यानं खरंच पेन टेकवला. करंगळी, मधलं बोट, आंगठ्याचं मूळ, तळहाताची कड. प्रत्येक वेळी काकूचं दुसऱ्या हाताचं बोट बरोबर त्या जागी जाऊन पडलं. हा हात चांगला आहे, भेगांना तेल लावत जा, थंडीत ऊब द्या, असं म्हणून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. लिहिता लिहिता विचारलं, "दिवाळीपासून मी दर महिन्याला येतोय मावशी, तुमी दिसला नाहीत कधी?"

काकूनं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. मी शाळेचे पत्रे मोजायला लागलो.

"शेतात काम होतं," ती म्हणाली, आणि दुसरा हात पुढं केला.