दोन मरून तुकडे

आई दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये काम करते. गिऱ्हाइकाने साडी काउंटरवर टाकली की ती मागच्या थप्पीतून ब्लाउजपीस ओढते, आणि दुसरा ओढायची वेळ सहसा येत नाही.

मध्यंतरी इमारत पाडायला निघाली आणि दुकान रस्त्यावरून जवळच्याच एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात गेलं. तिथे दिवसाचा उजेड अजिबात नाही. बायका तुकडा घेऊन जिना चढायच्या, फुटपाथवर जाऊन बघायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, "ताई, वर वेगळाच दिसतो." असं पूर्वी कधी झालं नव्हतं. एकदा करी रोडच्या घरी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "माझे डोळे गेले वाटतं गो."

मी परळला, दिवे बनवणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. सूर्यप्रकाशासारखा उजेड देणारा एलईडी आम्ही तेव्हा नुकताच तयार केला होता. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते यंत्र आकड्यात सांगतं. आमच्या दिव्याला जवळपास पैकीच्या पैकी मिळाले होते. साहेबांना विचारून मी दोन दिवे आणले आणि शेठच्या परवानगीने आईच्या काउंटरवर लावले. ती खूश होईल, अशी माझी खात्री होती.

आईने दिव्याखाली दोन मरून तुकडे ठेवले. "कसे दिसतात?"

"सारखेच की."

"चल वर."

उन्हात एक तुकडा विटकरीकडे झुकलेला होता, दुसरा सरळ जांभळट.

"तुझा दिवा लाल खातो," आई म्हणाली. "हिरवे, पिवळे झकास दिसतात. लाल मात्र खातो."

मला राग आला. "आई, यंत्रावर तपासलाय तो."

"मग यंत्राला सांग वर येऊन बघायला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तपासणीचा अहवाल पुन्हा काढला. तो मुख्य आकडा म्हणजे काही फिक्या रंगांची सरासरी असते. गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो वेगळा मोजतात. ते पान आमच्यापैकी कुणी उघडलंच नव्हतं. मी उघडलं. आमचा दिवा गडद लालात चक्क नापास होता.

साहेबांनी पान दोनदा वाचलं. "हे पकडलं कुणी?"

"माझ्या आईने."

"त्या काय करतात?"

कामाला लागल्यापासून कुणी विचारलं तर मी "आई घरीच असते" असं सांगत आले होते. का, ते सांगायला मला आजही लाज वाटते. त्या दिवशी म्हणाले, "दादरला मॅचिंग सेंटरमध्ये असते. रंग जुळवून देते."

पुढचे कित्येक आठवडे आम्ही दिव्यातल्या मिश्रणाशी झगडत होतो. लाल वाढवला की उजेड मंदावायचा, आणि उजेड वाढवला की पांढरा निळसर व्हायचा. प्रत्येक नमुना मी दुकानात नेत होते आणि आई मान हलवत होती. पाचव्या की सहाव्या दिव्याखाली तिने ते दोन तुकडे ठेवले, जिना चढून उन्हात बघितले, खाली आली, पुन्हा वर गेली. मी खालीच थांबले होते. परतली तेव्हा तिला धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"डोळे शाबूत आहेत माझे," ती म्हणाली. दिव्याबद्दल एवढंच बोलली.

आता दुकानभर तेच दिवे आहेत. आणि आमच्या ऑफिसात नवा दिवा बाहेर पडण्याआधी साहेब विचारतात, "ताई कधी येतील?" सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा ती तुकड्यांची पिशवी घेऊन येते. माझ्याहून जास्त शिकलेले इंजिनियर तिच्याभोवती वही घेऊन उभे राहतात आणि ती बोलते ते उतरवून घेतात.

पहिल्या सोमवारी गेटवरच्या वॉचमनने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. नाव, वेळ आणि शेवटी येण्याचं कारण. मी पेन घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : रंग तपासणे.